उन्हात वाळत घातलेला परकर

आमच्या घरात कोण खाजवतंय हे मला पाठमोरं बसूनही कळायचं. आबांचा आवाज जाडाभरडा, खर्र खर्र, कारण फौंड्रीतल्या काळ्या रेतीनं त्यांची नखं झिजून बोथट झालेली. शेवटी ‘हाऽऽ’ असा लांब सुस्कारा. त्यात सुख किती आणि आग किती ते त्यांचं त्यांनाच माहीत. आई भाकरी थापत असली की थापा मध्येच थांबायच्या. पिठाचा हात तसाच अधांतरी धरून ती कोपराच्या हाडानं कंबर घासायची, आणि थापा पुन्हा सुरू व्हायच्या. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण सुमन, खाजवायची नाहीच. ती परकराच्या नाडीत अंगठा अडकवून नाडी पोटावर इकडून तिकडं ओढायची, त्याचा नुसता कापड घासल्याचा आवाज यायचा. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, लग्नाला आलेली. लग्नाला आलेल्या मुलीनं खाजवायचं नसतं. मी चौदा-पंधराची, लाज अजून पुरती आलेली नव्हती. शाळेत बाकाच्या कडेला, घरात दाराच्या चौकटीला, गोठ्यात खुंट्याला, जिथं टेकायला मिळेल तिथं मी कंबर घासून घ्यायची. आमच्या म्हशीही तेच करायच्या, आणि आई त्यांच्यावर आणि माझ्यावर सारखीच खेकसायची.

गजकर्ण म्हणतात त्याला. नाव मोठं भारदस्त आहे, एखाद्या राजाला शोभावं असं. रोग अगदी दळभद्री. आधी तांबूस ठिपका, मग त्याचं कडं. कड्याची कडा खरखरीत आणि मधली कातडी बरी झाल्यासारखी, म्हणजे माणसाला वाटावं की चाललं आता. ते जात नाही. ते रुंद होतं, शेजारच्या कड्याला जाऊन मिळतं आणि कंबरेभोवती लाल रेघा उठतात. ते घरात कुणी आणलं यावर आईआबांची कायम जुंपायची. बहुतेक आबांनीच आणलं असावं. भट्टीसमोर दिवसभर उभं राहायचं, अंगात जाड खाकी चड्डी, ती घामानं भिजायची, अंगावरच वाळायची, पुन्हा भिजायची. त्यांच्या फौंड्रीत निम्म्या माणसांना गजकर्ण होतं आणि कुणाला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. घरी आल्यावर आबा ज्या पंचानं अंग पुसायचे त्याच पंचानं नंतर आम्ही तिघी. उचगावात आमच्या दोन खोल्या, मागं गोठा, दोन म्हशी, चार माणसं आणि अंग पुसायला एक पंचा. गरिबी म्हणून नव्हे. दुसरा पंचा पेटीत घडी घालून ठेवलेला असायचा, पावण्यांसाठी.

पण आता इतक्या वर्षांनी मला वाटतं, घरात आणलं आबांनी आणि पोसलं आम्ही बायकांनी. आबांची चड्डी, बनियन, माझा शाळेचा गणवेश, आईची लुगडी, सगळं पुढच्या अंगणात उन्हात झळकायचं. आमचे परकर आणि चोळ्या मात्र गोठ्याच्या मागं, भिंत आणि वैरणीचा ढीग यांच्यामधल्या बोळात. तिथं एक दोरी होती. तिच्यावर परकर पसरायचा आणि वरून जुनेर टाकायचं, म्हणजे चुकून कुणी पुरुष माणूस तिकडं गेलाच तर त्याला जुनेर दिसावं. तिथं ऊन कधी पोचलं नाही. उन्हाळ्यात परकर संध्याकाळपर्यंत वाळायचा. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी घालतानाही नाडीजवळ ओलाच असायचा, कोंदट वास यायचा, आणि ती ओली नाडी आम्ही गच्च आवळून बांधायचो. “बाईचं आतलं कापड उन्हाला दाखवू ने,” आई म्हणायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. तिच्या आईनंही तिला सांगितलं नसणार. गल्लीतल्या प्रत्येक घरामागं अशी एकेक अंधारी दोरी होती, आणि गल्लीतल्या सगळ्या बायका अंगठ्यानं नाडी ओढत होत्या.

औषधं केली नाहीत असं नाही. टाकळ्याचा पाला लिंबाच्या रसात वाटून लावला. खोबरेल तेलात गंधक कालवून लावला, त्यानं घरभर असा वास सुटला की म्हशींनी वैरण सोडली. आबांना फौंड्रीतल्या कुणी तरी रॉकेल सांगितलं. आईनं चिंधीनं ते आम्हा दोघींच्या कंबरेला फासलं आणि दाराला आतून कडी घालून बसली, कारण मी ओरडत पळणार हे तिला माहीत होतं. कातडी सोलून निघाली. अक्का भिंतीकडं तोंड करून उभी राहिली आणि दातात पदर धरून तिनं ते सोसलं. नंतर आईनं दोघींना वाटीभर दूध आणि गुळाचा खडा दिला. त्या गुळाची चव मला रॉकेलसकट आठवते.

अक्काला हातकणंगल्याचं स्थळ आलं तेव्हा मात्र आईचं धाबं दणाणलं. घर चांगलं, ऊस, दारात ट्रॅक्टर, मुलगा साखर कारखान्यावर नोकरीला. पसंती झाली, वैशाखातली तारीख धरली, आणि आई अक्काची कंबर बघून रडायला बसली. “असल्या अंगानं नांदाय कशी धाडू तुला? पयल्या दिवशी लावून देतील की माघारी.” मग तिनं मला स्टँडजवळच्या मेडिकलवर पिटाळलं. मोठ्या मुलीला पाठवलं असतं तर बोभाटा झाला असता. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, “कुनाला? कुठं?” एवढंसुद्धा विचारलं नाही. “खाजंचं काय तरी द्या,” म्हटल्यावर मागच्या खणातून बारकी ट्यूब काढून दिली. “रामबाण हाय. चार दिसात गप.”

आणि खरंच चार दिवसांत गप. कडी विरली, लाली गेली. आईनं अक्काला दारातल्या उजेडात उभं करून कंबरेवरून हात फिरवला. “आरशागत झालं की गं!” म्हणाली. अक्का कितीतरी महिन्यांनी खळखळून हसली. आईनं आणखी तीन ट्यूबा मागवून रुखवतातल्या पेटीच्या तळाशी, साड्यांच्या घडीत लपवून दिल्या. एक घरात ठेवली, ती आई आणि मी चोरून वापरायचो आणि आई ती आबांच्या पाल्याच्या लेपातही कालवायची, म्हणून आबांना वाटत होतं की आपल्याला टाकळ्याच्या पाल्यानंच गुण आला. लग्न झोकात झालं. मांडवात अक्का अंग चोरून बसली नव्हती, ताठ बसली होती. ती इतकी सुंदर आहे हे मला त्या दिवशी कळलं.

परवा माझी नात पुण्याहून सुट्टीला आली. हॉस्टेलात राहते, घट्ट जीन्स घालते, मांडी खाजवत फोन बघत बसली होती. मी तो आवाज स्वयंपाकघरात ओळखला. तिच्या बॅगेत तसलीच ट्यूब निघाली. नाव निराळं, खोकं चकचकीत, मैत्रिणीनं सुचवलेली. “आज्जी, दोन दिवसांत जातं, पण सोडलं की परत येतं,” ती म्हणाली. मी ट्यूब कचऱ्यात टाकली आणि तिला तशीच दंडाला धरून डॉक्टरकडं नेली. पोर हबकली. एवढ्याशा गोष्टीवरून आज्जी एवढी का बिथरली ते तिला कळेना, आणि मला रस्त्यात सांगता येईना. म्हणून माझ्या आठवणींच्या वहीतलं हे प्रकरण लिहायला घेतलं. आईचं आजारपण, आबांची फौंड्री बंद पडली ते, सगळं बाजूला ठेवून आधी हे.

अक्का दिवाळसणाला माहेरी आली ती वाळून गेलेली. जावई, म्हणजे आमचे दाजी, दोन दिवस राहून, फराळ खाऊन, चांगलं बोलून परत गेले. माणूस वाईट नव्हता. आई पहाटे उटणं लावायला बसली तर अक्का म्हणाली, “माझं मी लावून घेतो,” आणि न्हाणीचं दार लावलं. आईला वाटलं लग्नानंतर लाजायला लागली. दुपारी मी गोठ्यात वैरण टाकत होते, तिथं अक्का आली, दार ओढून घेतलं आणि लुगडं बाजूला केलं. मी बघितलं आणि माझ्या हातातली पेंढी तशीच राहिली. पोट, मांड्या, पाठ, छातीखाली, सगळीकडं कड्यात कडी, कड्यात कडी. जिथं ट्यूब लावली होती तिथं कातडी कांद्याच्या सालासारखी पातळ झालेली, तिच्यातून निळ्या शिरा दिसत होत्या. पावसाळ्यात ट्यूबा संपल्या, आणि संपल्या तसं ते दुपटीनं उठलं, असं तिनं सांगितलं. दाजींनाही मांडीला आलं होतं. त्यांना घामोळं वाटत होतं.

“आईला सांगू नगंस,” अक्का म्हणाली. “ती रडत बसंल. मला मोठ्या दवाखान्यात घिऊन चल.”

अंबाबाईला जातो म्हणून आम्ही दोघी बसनं कोल्हापुरात उतरलो आणि सरकारी दवाखान्यात गेलो. चार तास रांगेत. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्मा घामानं घसरत होता, पण त्यांनी अक्काला नीट उजेडात तपासलं आणि असं काही समजावून सांगितलं की मला आजही पाठ आहे. ही बुरशी आहे. त्या ट्यूबनं बुरशी मरत नाही, नुसती झाकली जाते आणि आतून माजते. गोळ्या दोन-तीन महिने, एक दिवस न चुकता, दुधातुपाच्या जेवणावर. कडांना लावायला एक जांभळं औषध. पंचा वेगळा. आणि कपडे, विशेषतः आतले, उलटे करून कडक उन्हात वाळवायचे. “सावलीत नाही. उन्हात. नाही तर माझ्या गोळ्यांचा काही उपयोग नाही, कळलं?” मग त्या माझ्याकडं वळल्या. “एका घरात राहत होता ना? तुला आहे का?”

माझ्या कंबरेला त्या क्षणी आग आग होत होती. पण तपासायचं म्हणजे परकर सोडायचा, आणि पडद्यापलीकडं रांगेतली माणसं दिसत होती. “नाही,” मी म्हटलं. अक्कानं माझ्याकडं नुसतं बघितलं. बाहेर आल्यावर तिनं माझ्या डोक्यात टपली मारली, “येडी हैस काय गं?” म्हणाली, आणि आम्ही रस्त्यावर उसाचा रस प्यालो. माझं पहिलं ‘नाही’ ते. एवढं हलकं होतं की मला त्याचं ओझंसुद्धा जाणवलं नाही.

सुट्टी होती म्हणून अक्कानं मला हातकणंगल्याला बरोबर नेलं. तिचं खरं काम मला तिथं गेल्यावर कळलं. सासरी ऊसतोड सुरू झालेली, सकाळी सासू-सासरे शेतावर, दाजी कारखान्यावर. अकरा ते तीन घरात आम्ही दोघीच. त्या वेळात अक्का परकर धुवायची, उलटा करायची आणि पुढच्या अंगणात तारेवर टाकायची, कारण मागच्या बाजूला तिथंही ऊन नव्हतं. मी पायरीवर बसून रस्त्याकडं लक्ष ठेवायचं. कुणी येताना दिसलं की परकर ओढून आत पळायचं. एवढंच माझं काम. सात-आठ दिवस मी ते केलं. अक्काच्या कडा फिकट पडायला लागल्या होत्या. ती जेवताना वाटीत थोडं तूप मागून घ्यायची, सासू वाढताना म्हणायची, “तुमच्या म्हायेरात रोज तूप हुतं वाटतं,” आणि अक्का हसून मान खाली घालायची. गोळीसाठी म्हणून ती ते ऐकून घेत होती. तिला तिथं नांदायचं होतं. त्या घरातलं तिला सगळं आवडत होतं, दाजींचं संध्याकाळी अंगणात बसून रेडिओ ऐकणं, चुलीपुढची जागा, दारातला पेरू. मला ती रोज म्हणायची, “आनि दोन म्हैनं. मग बघ.”

नवव्या दिवशी शेजारची पोरगी मला बोलवायला आली. मागच्या रानात गुऱ्हाळ लागलं होतं, काहिलीतून पहिला गूळ उतरत होता. गरम गुळाचा वास तिथपर्यंत येत होता. मी तारेकडं बघितलं, परकर अजून ओला होता. रस्त्यावर कुणी नव्हतं. अक्का आत धान्य निवडत होती, तिला न सांगता मी गेले. पानावर ऊन ऊन गूळ घेतला, बोटं भाजली, पुन्हा घेतला, काकवी चाखली. किती वेळ गेला कळलं नाही. परत आले तर अंगणात चपलांचे तीन जोड होते.

लग्नाचं आमंत्रण घेऊन दोन पाहुण्या बायका आल्या होत्या, वाटेत शेतावर भेटल्या म्हणून सासूच त्यांना घेऊन घरी आली होती. ती अंगणाच्या मधोमध उभी होती, हातात परकर. “गावाला काय झेंडा दावतीस व्हय गं? दारात परकर! म्हायेरात हेच शिकवलं का तुज्या आईनं?” अक्का दारात उभी, हातात धान्याचं सूप तसंच. एवढ्यावर भागलं असतं. बायका हसल्या असत्या, सासू चार दिवस बोलली असती. पण सासूची बोटं नाडीवरून फिरत होती, आणि उलटा केलेला परकर, नाडीच्या पट्टीवर सगळीकडं जांभळे डाग. “ह्ये कसलं?” तिनं अक्काला दंडाला धरून आत नेलं. दार लागलं. मी अंगणात गुळाचं पान हातात धरून उभी. पाहुण्या बायका एकमेकींकडं बघत होत्या. आतून सासूचा आवाज आला, ओरडणं नव्हे, कुणी विंचू बघितल्यावर काढतं तसला आवाज. बाहेर आली तेव्हा तिनं आधी हात धुतले, मग पुन्हा धुतले.

तिसऱ्या दिवशी आईआबांना बोलावून घेतलं. मधल्या दोन दिवसांत अक्काला जेवण दारातून सरकवत होते. दाजींनाही सासूनं तपासलं होतं, त्यांच्या मांडीवरचं घामोळं आता घामोळं राहिलं नव्हतं. सोप्यात, पुढच्या पडवीत, सगळे बसले. सासरे, सासू, दाजी खांबाला टेकून, आईआबा जाजमाच्या कडेला. अक्का उंबऱ्याजवळ उभी, मी आईच्या मागं. सासू म्हणाली, “रगतपितीची पोरगी माझ्या घरात घातलीसा. माझ्या लेकालाबी लावलं.” रगतपिती म्हणजे महारोग.

आबा म्हणाले, “पावणं, रगतपिती कसली? गजकरन हाय ते. मलाबी हुतं, माझ्या फौंड्रीत धा जणांस्नी हाय.” अक्कानं दवाखान्याचा केसपेपर आणून दाजींपुढं ठेवला. दाजींनी उलटसुलट बघितला. “इंग्रजीत हाय,” एवढंच म्हणाले आणि परत ठेवला. आबांनी सुचवलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ, डॉक्टरीणबाईंना विचारू. सासू उसळली, “आन् गावाला कळू दे व्हय, सुनंला असल्या दवाखान्यात न्हेली म्हणून?”

मग तिला ते सुचलं. मूर्ख बाई नव्हती ती. मी आज तिच्या जागी असते तर मलाही तेच सुचलं असतं. ती हळू आवाजात आबांना म्हणाली, “गजकरन म्हंता न्हवं? तुमी लेकीसाठी काय बी म्हंशीला. गजकरन एकट्याला हुतंय कुठं? कापडातनं, अंथरुनातनं घरभर हुतंय. ही धाकटी तिच्या कुशीत झोपत हुती. हिला असंल तर मी मानते, गजकरन हाय. औषध करू, झाकून घिऊ. न्हाई तर ते निराळंच हाय.” आणि माझ्याकडं वळली. “बोल पोरी. तुला हाय का?”

सोप्यातले सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक शब्द. मला तेव्हाही कळत होतं, मी कुक्कुलं बाळ नव्हते. ‘व्हय’ म्हटलं की अक्का राहते. ‘व्हय’ म्हटलं की हातकणंगल्यापासून उचगावापर्यंत सगळ्यांना कळतं की धाकटीलाही आहे, आणि मग मला कोण करून घेणार? आईनं मागं हात करून माझा दंड धरला होता. तिची नखं रुतत गेली. तिला दोन मुली होत्या, आणि त्या एका क्षणात तिनं हिशेब करून एक सोडली होती. तिला मी दोष देत नाही. नखं तिची होती, तोंड माझं होतं.

“न्हाय,” मी म्हणाले.

अक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. तिला माहीत होतं. माझ्या कंबरेला रॉकेल फासलं तेव्हा ती शेजारी उभी होती. ती म्हणू शकली असती, खोटं बोलतेय, बघा तिचा परकर सोडून. ती उंबऱ्याकडं बघत उभी राहिली आणि मग आत जाऊन आपली पेटी भरायला लागली. परतीच्या गाडीत आबा खिडकीकडं तोंड करून रडले. आईनं मला मांडीवर घेतलं, पंधरा वर्षांच्या घोडीला, आणि सगळ्या वाटेनं माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. तो हात मला नको होता.

अक्कानं माहेरी पहिल्या दिवशी अंगणातल्या तारेवर परकर टाकला, पुढं, रस्त्याच्या अंगाला, उलटा करून. आई धावत गेली. अक्का म्हणाली, “ऱ्हाऊ दे की. आता मला कोन बघाय येनार हाय?” आईनं तारेला लावलेला हात काढून घेतला. अक्कानं गोळ्या पुऱ्या केल्या. शिमग्यापर्यंत तिच्या अंगावर एक डाग राहिला नाही. आबा तिला घेऊन हातकणंगल्याला गेले, दाखवायला, की बघा. तोवर तिथं दुसऱ्या लग्नाची बोलणी झाली होती. सासूनं पाणी विचारलं, पण पेला बाहेरचा आणला.

मी मात्र गोठ्यामागच्या दोरीवरच राहिले. अक्का कितीदा म्हणाली, “चल माझ्यासंगं, डॉक्टरीनबाई चांगली हाय.” मी गेले नाही. आईनं एकदा स्पष्टच सांगितलं, “चारचौघांत न्हाय म्हणून सांगितलंयस. आता असून चालंल व्हय?” तेव्हा मला नव्हतंच. नसलेल्या रोगावर मी चार वर्षं ट्यूब चोपडत होते. आधी चार दिवस पुरायची, मग दोन, मग लावल्या लावल्या उठायला लागलं. शिवाजी पेठेतल्या घरी माझं ठरलं तेव्हा ती ट्यूब माझ्यावर चालेनाशी झाली होती. लग्नानंतर महिन्याभरात नवऱ्यानं ते बघितलं, “अगं, हे आमच्या पेठेतल्या किती जणांना होतं,” म्हणाला, आणि सायकलवरून मला डॉक्टरकडं घेऊन गेला. तीन महिन्यांत बरं झालं. झालं, एवढंच. एवढंच होतं ते. दवाखान्यातून परतताना सायकलवर मागं बसून मी तोंडात पदर कोंबून रडले, आणि त्याला वाटलं मला आनंद झाला.

पण हळदीचा दिवस आधीचा. घर बायकांनी भरलेलं. हळदीचा पहिला हात सवाशिणीचा, आणि टाकलेल्या बाईला सवाशिणीत धरत नाहीत. अक्काला कामं मिळाली होती ती मागची, पाणी तापवणं, हळद वाटणं. मला हळदीचं जुनं पातळ लुगडं नेसवायलाही तीच आली, कारण बाकीच्या नटत होत्या. तिनं आतल्या खोलीचं दार लोटलं, माझा परकर सैल केला आणि बघितलं. कडी पार पाठीपर्यंत गेली होती. बाहेर सवाशिणींची गाणी सुरू झाली होती. थोड्या वेळानं त्या मला पाटावर बसवणार, डोक्यावरून पाणी ओतणार, आणि त्या ओल्या पातळ लुगड्यातून सगळं सगळ्यांना दिसणार. अक्काच्या ते माझ्या आधी ध्यानात आलं. तिनं वाटलेल्या हळदीच्या परातीत हात घातला. देवाला लावायच्या आधी, पाच सवाशिणींच्या आधी. मी म्हणाले, “अक्का, कुनी बघितलं तर?”

“गप उभी ऱ्हा,” ती म्हणाली. “हितं जरा जाड लावतो.”

तिनं लेप केला. कंबर, पोट, पाठ, एकेक कडं बोटानं झाकत गेली. हळद थंड होती आणि झोंबत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मी तिचे खांदे धरले, मला ते एकदाचं बोलायचं होतं. हातकणंगल्याचं, सोप्यातलं, गुळाचं. चार वर्षं न बोललेलं. तिनं मला बोलू दिलं नाही. परकराची नाडी बांधली, फार घट्ट नाही, लुगडं नीट केलं, आणि माझ्या गालाला लागलेली हळद अंगठ्यानं पुसून काढली, कारण तोंडावर पहिला हात सवाशिणीचाच दिसायला हवा होता.

“कुनी इचारलं तर न्हाय म्हन,” ती म्हणाली. “तुला जमतंय ते.”

मग तिनं आपले पिवळे हात पाठीमागं लपवले, पायानं दार उघडलं आणि सवाशिणींना आत बोलावलं.